गदाबुरशीची कापलेली डोकी

१

समितीसमोर डबा उघडला तेव्हा आतल्या सगळ्यांची डोकी कापलेली होती.

माणसांची नाही, बुरशीची. पण त्या डब्यात माझ्या ताईची नोकरी होती आणि तिचं नाव होतं. त्या दुपारी ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून आईनं हातातलं ताट तसंच ओट्यावर ठेवलं आणि काही विचारलंच नाही. मी विचारलं. मी विचारतेच.

"मला खोटारडी म्हणाले," ताई म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"कोण म्हणालं? फक्त सांग कोण."

"मिरचे, जरा गप्प बस," आई म्हणाली.

घरात मला मिरची म्हणतात. पूर्वी मी राग आला की नाकाचा शेंडा लाल करून कोपऱ्यात बसायचे. या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून बोलते. थांबायचं कसं हे अजून शिकलेले नाही.

प्रकरण असं होतं. ताई निसर्ग-संग्रहालयाच्या बुरशी आणि शेवाळ विभागात काम करते. तिच्या टेबलामागे एक मोठं कपाट आहे, त्यावर पाटी आहे, 'गदा आणि पोवळी'. गदाबुरशीला छत्री नसते. ती जमिनीतून सरळ उभी राहते, खाली बारीक आणि वर जाड, व्यायामाच्या मुद्गलासारखी. तिच्या चुलत भावंडांना फांद्या फुटतात, ती पोवळबुरशी. त्यातल्या दोन गदा सख्ख्या बहिणी आहेत. गोल गदेचं डोकं गोल, ती रुंद पानांच्या झाडांखाली येते आणि चवीला कडू लागते. चपट्या गदेचं डोकं वरून दाबल्यासारखं सपाट, ती पाइनखाली येते आणि चक्क गोड असते. लांबून दोघी एकच वाटतात. आम्हा बहिणींबद्दलही लोक असंच म्हणतात. त्यातली कडू कोण ते सांगायला नको.

आमच्या भागात फक्त गोल गदा आहे असं सगळे धरून चालले होते. ताईला पाण्याच्या टाकीमागे, पाइनच्या झाडांत चपटी सापडली. तिनं फोटो काढले, नमुने आणले, अहवाल लिहिला. आणि समितीपुढे डबा उघडल्यावर बाहेरून आलेल्या पाहुण्या बाईंनी चिमट्यानं एक गदा उचलून आडवी धरली.

"हे डोकं चपटं नाही," त्या म्हणाल्या. "ब्लेडनं उडवलंय."

डब्यात साधी गोल गदा होती. डोकी छाटून चपटी केलेली, सगळीच्या सगळी. आता शुक्रवारी ताईनं लेखी माफी द्यायची, नाहीतर चालती हो.

"लिहून दे आणि मोकळी हो," बाबा म्हणाले.

"मी कापली नाहीत, बाबा. मी डब्यात ठेवल्या त्या चपट्याच होत्या."

"मग ह्या आल्या कुठून?"

मी तिचे बूट तिच्यापुढे आणून ठेवले.

"चल. टाकीमागे अजून असतील ना? तू सगळ्या थोड्याच उपटल्या असशील."

"नाही. दोन मुद्दाम ठेवल्यात," ताई म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत जीव आला.

टाकीमागे पोचलो. पाइनच्या सुयांचा तपकिरी थर सगळीकडे जाड पसरलेला होता. फक्त एका ठिकाणी, हातभर जागेत, तो कोणीतरी खरवडून पुन्हा नीट पसरला होता. अंथरूण घालावं तसा.

त्या दोन्ही गदा गेल्या होत्या.

२

मला इतका राग आला की मी टाकीला लाथ मारली. टाकीला काही झालं नाही.

"जागा कोणाकोणाला माहीत होती?"

"विभागातल्या सगळ्यांना. मी आनंदानं सांगितलं होतं." ताई सुयांवर मांडी घालून बसली. "मूर्खासारखं."

"आणि वाळवणीच्या खोलीची किल्ली?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण नमुन्यांचा प्रवास ठरलेला असतो. आधी ताजी गदा रात्रभर कागदावर आडवी ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. सकाळपर्यंत तिच्या अंगावरून पिठासारखे बीजाणू झडतात आणि कागदावर गदेच्या आकाराची रेघ उठते. त्याला छाप म्हणतात. कागद अर्धा काळा आणि अर्धा पांढरा असतो, म्हणजे कुठल्याही रंगाचं पीठ दिसतं. चपटीचा छाप मातकट पिवळा, गोल गदेचा पांढरा. छाप झाला की नमुना वाळवणीच्या कपाटात जातो. तिथे मंद गरम हवा फिरत असते. वाळला की डब्यात.

"छाप मी गुरुवारी रात्री घेतला, पिवळा आला," ताई म्हणाली. "शुक्रवारी सकाळी गदा वाळवणीत ठेवल्या, छापाचा कागद त्याच ट्रेमध्ये ठेवला, आणि तशीच तुझ्याबरोबर स्पर्धेला आले. परगावी. सोमवारी परत आले तर डबा थेट समितीच्या टेबलावर."

"आणि समितीला छाप कुठला मिळाला?"

"पांढरा."

म्हणजे कोणीतरी नुसती बुरशी बदलली नव्हती, छापही बदलला होता. इतकी मेहनत. माझ्या ताईसाठी.

"किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे. इस्त्रीकडे. चित्रकार बाईंकडे. आणि आमचे विभागप्रमुख बडे सर, त्यांच्याकडे सगळ्याच किल्ल्या असतात."

"फोटो कोणी पाहिले होते?"

"कोणीच नाही. मी ते फक्त अहवालात लावले. अहवाल परगावाहूनच समितीला पाठवला, शनिवारी." ती जरा हसली. "सगळ्यांना एकदम दाखवून चकित करायचं होतं."

चकित तर सगळे झालेच होते.

३

इस्त्री हा ताईबरोबर काम करणारा तरुण. त्याच्या शर्टाच्या बाहीवरच्या घडीनं भाजी चिरता येईल, म्हणून हे नाव. विभागात एकच कायमची जागा आहे आणि ती ताईला किंवा त्याला मिळणार आहे. माझ्या दृष्टीनं खटला तिथेच संपला होता.

मी शाळेच्या गणवेशातच त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"ताईची बुरशी तू बदललीस."

त्यानं सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला. "तू कोण?"

"तिची बहीण."

"हां. मिरची." म्हणजे ताई ऑफिसात माझ्याबद्दल बोलते. हे मला माहीत नव्हतं. "हे बघ, मी शेवाळवाला आहे. बुरशीतलं मला ओ की ठो कळत नाही. गोल काय, चपटी काय, माझ्या लेखी दोन्ही बटाटे."

"जागा तुला हवी आहे."

"हवी आहेच. का नको असावी?" तो अजिबात लाजला नाही. "मला त्रासच द्यायचा असता ना, तर मी तो ट्रे उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकला असता. काम झालं. छाप घ्या, वाळवा, डोकी कापा, एवढं कोण करतं? आणि डोकी कापायची तरी कशाला? ते कोडं मला अजून सुटलेलं नाही."

"फोटोत चपटी दिसतात म्हणून."

"कसले फोटो?"

त्यानं हे इतक्या बावळटपणे विचारलं की माझा राग हवेत लोंबकळत राहिला. फोटो असल्याचंच त्याला ठाऊक नव्हतं. मी पाठ फिरवून निघाले, तसा तो मागून म्हणाला, "ए. सोमवारी मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. तिला सांग."

"तूच सांग," मी म्हटलं. "तोंड आहे ना."

४

चित्रकार बाई नमुन्यांची चित्रं काढतात. त्यांचं आणि ताईचं महिनाभरापूर्वी वाजलं होतं, कारण ताईनं त्यांच्या एका पोवळबुरशीच्या फांद्या चुकल्यात असं सांगितलं होतं. वर ते खरंही होतं, आणि लोकांना नेमका त्याचाच राग येतो.

मी गेले तेव्हा त्या कागदाच्या पुड्या घडी करत होत्या. वाळलेला नमुना कायमचा ठेवायचा तर डब्यातून काढून अशा पुडीत घालतात आणि पुडी कपाटाच्या खणात जाते.

"बस," त्या म्हणाल्या. "चौकशीला आलीस ना? इस्त्रीनं सांगितलं. भांडून गेलीस म्हणे."

"तुम्ही केलंत का?"

"नाही. तुझ्या ताईवर रागावलेय मी, पण मी रागावले की बोलते. ब्लेड घेऊन बसत नाही. तिनं आधी येऊन मला तिच्या गदा दाखवल्या असत्या, तर रंगवून ठेवल्या असत्या. आता सगळेच म्हणतात आम्ही पाहिल्या नाहीत. खरंच पाहिल्या नाहीत. फोटो काढलेत हेसुद्धा मला सोमवारनंतर कळलं." त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "रिकामी बसू नको. घडी कर."

मी केली. त्यांनी ती बघून मान हलवली.

"घाईची घडी. घडीवरून माणूस कळतो. इस्त्री नखानं रेघ ओढतो, कागद फाटेस्तोवर. तुझी ताई कड आत खोचते. माझी ही अशी, साधी. आणि बडे सर उजवा कोपरा उलटा मुडपून आत घालतात, त्यांच्या गुरुजींनी शिकवलेलं. किती वेळा सांगितलं, सर, त्यानं पुडी जाड होते, खणात मावत नाही. ऐकतील तर शपथ."

"बडे सर कसे आहेत?"

त्यांनी नवा कागद ओढला.

"जाऊन बघ. फार प्रेमळ आहेत," त्या म्हणाल्या, आणि पुढची घडी त्यांनी जरा जास्तच दाबून घातली.

५

बडे सर खरंच प्रेमळ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पेपरमिंट दिली आणि बाळ म्हणाले.

"तुझ्या ताईवर माझा जीव आहे, बाळ. मी समितीतल्या बाकीच्यांना सांगितलं, मुलगी लहान आहे, उत्साहाच्या भरात झालं असेल. सांभाळून घ्या."

"म्हणजे तिनंच केलं असं तुम्ही सांगितलंत."

ते हसले. समजूतदार हसू. मला अशा हसण्याची चीड येते. आमच्या मुख्याध्यापिका अशाच हसतात.

"ही टेकडी मी तरुणपणी झाडन्‌झाड फिरलोय. इथे चपटी नाही. माझ्या पुस्तकात तसं छापलंय, आणि आज सगळे तेच पुस्तक वापरतात. तुझ्या ताईचा फोटो, ताईचा शब्द, सगळं बाजूला ठेव. छाप बघ." त्यांनी खणातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "पांढरा. छाप खोटं बोलत नाही."

मी वाकून बघितलं. कागदाच्या काळ्या अर्ध्या भागावर पांढऱ्या पिठाच्या गदा उमटल्या होत्या, एकीशेजारी एक. खाली बारीक, वर जाड. मी त्यांच्या वरच्या टोकांकडे बघितलं, आणि पेपरमिंट माझ्या गालात तशीच राहिली.

"डबा पण बघू का?"

"बघ ना. हात मात्र लावू नको."

डब्यातल्या गदा सुरकुतून बोटांएवढ्या झाल्या होत्या. बाहेरून तपकिरी. जिथे डोकं कापलं होतं तिथे आतला गर दिसत होता, साबणाच्या वडीसारखा फिकट.

मागे काचेच्या बाटलीत काळं पडलेलं काहीतरी होतं. मी त्याच्याकडे बघतेय हे त्यांना दिसलं.

"कॉलेजात असताना सापडलेली बुरशी. आता ओळखूही येत नाही. तरी ठेवलीये." त्यांचा आवाज पहिल्यांदा खराखुरा वाटला. "नमुना फेकायचा नसतो, बाळ. चुरा झाला तरी नाही. माझ्या हातून आजवर एक फेकला गेला नाही. तू ताईला समजाव, चार ओळी लिही म्हणावं. मी सगळं मिटवतो."

मी पेपरमिंट कडकन चावली आणि म्हटलं, "समजावते."

आता मला एक गोष्ट करून बघायची होती, आणि त्यासाठी आईचा ओव्हन लागणार होता.

६

"माझ्या ओव्हनमध्ये बुरशी?" आई म्हणाली.

"विषारी नाही. कडू आहे फक्त."

"तुला कसं माहीत कडू आहे?"

"चावून थुंकले."

आईनं देवाला नाही, बाबांना हाक मारली. बाबा आले, त्यांनी ओव्हनमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाले, "वास तर बरा येतोय."

संग्रहालयामागच्या रुंद पानांच्या झाडांखाली ढीगभर गोल गदा उगवल्या होत्या. मी पिशवीभर आणल्या. काही ताज्याच कापल्या. काही ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर खुळखुळेपर्यंत वाळवल्या आणि मग कापल्या. ताई दारात उभी राहून बघत होती. माफीचा कागद तिच्या हातात होता, अर्धा लिहिलेला.

"गदा दुखावली की तपकिरी पडते," ती हळूच म्हणाली. "दोन्ही जातींची. ताजी असताना."

"आणि वाळल्यावर?"

"वाळल्यावर नाही. वाळल्यावर ती..."

ती ओट्यापाशी आली. ताजी कापलेली तोंडं तोवर चहाच्या डागासारखी झाली होती. वाळवून कापलेली फिकट, साबणाच्या वडीसारखी. ताईनं एक हातात घेतली, दुसरी घेतली, पुन्हा पहिली घेतली. मग तिनं माफीच्या कागदाचे दोन तुकडे केले, चार केले आणि ओल्या सालींच्या डब्यात टाकले.

"उद्या तू येणार आहेस माझ्याबरोबर," ती म्हणाली.

"शाळा आहे," आई म्हणाली.

"आई," ताई म्हणाली, आणि आईनं शाळेसाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

७

समितीची खोली लांबट होती. बडे सर, पाहुण्या बाई आणि समितीचे दोघेजण टेबलापाशी. भिंतीला टेकून इस्त्री आणि चित्रकार बाई.

"माफीपत्र?" पाहुण्या बाईंनी हात पुढे केला.

"नाही आणलं," ताई म्हणाली. "माझी बहीण बोलेल."

"ही काय पद्धत झाली," बडे सर म्हणाले. "लहान मुलीला..."

"बोलू द्या," पाहुण्या बाई म्हणाल्या. "आपण हिच्या ताईचं ऐकलं नाही, निदान हिचं ऐकू."

मी टेबलाच्या टोकाशी गेले. मला ताईचा सोमवारचा चेहरा आठवला आणि मी फोटो सगळ्यांपुढे मांडले.

"हे जंगलातले फोटो," मी म्हटलं. "उपटायच्या आधी काढलेले. डोकी चपटी आहेत. तुमचं म्हणणं, ताईनं ती आधीच कापली आणि मग फोटो काढले. बरं. छाप फोटोच्या नंतर घेतात. मग छापावर कापलेली डोकी हवीत. बघा."

पाहुण्या बाईंनी कागद ओढून घेतला. त्यांनी भिंग लावलंही नाही.

"गोल आहेत," त्या म्हणाल्या. "टोकं गोल आहेत. हे मी बघितलंच नाही. मी फक्त रंग बघितला."

"फोटोत चपटी, मग छापावर गोल, मग डब्यात पुन्हा चपटी. बुरशीचं डोकं असं जातं-येतं का? फोटोतल्या गदा वेगळ्या आणि ह्या वेगळ्या."

समितीतला एकजण खुर्चीत सावरून बसला. मी माझी ताटली पुढे केली.

"ताजी कापली की तपकिरी पडते. वाळल्यावर कापली की फिकट राहते. डब्यातल्या फिकट आहेत. म्हणजे वाळल्यावर कापल्या. शुक्रवार सकाळपासून ताई माझ्याबरोबर परगावी होती, पहिल्या रांगेत. मी भाषण विसरले तेव्हा तिनं ओठ हलवून पुढचं वाक्य सांगितलं. तिथे शाळेतले सगळे साक्षीला आहेत."

इस्त्रीनं घसा खाकरला. "मग किल्ली असलेले आम्ही तिघं."

"हो. आता तू विचारलेलं कोडं. डोकी कशाला कापली? ज्यानं बदलली त्याला आधी फक्त एवढंच दाखवायचं होतं की पोरीची चूक झाली, गोल गदेलाच चपटी म्हणाली. म्हणून त्यानं अख्ख्या गोल गदा आणल्या, सवयीनं छाप घेतला, वाळवल्या. आणि मग त्याला फोटो दिसले. फोटोत डोकी सपाट. आता अख्ख्या गदा ठेवल्या तर बदलल्याचं कोणालाही कळणार. मग ब्लेड घेतलं. चूक पुरेना, म्हणून माझ्या ताईला लबाड केलं." माझा आवाज फाटला. मी तो तसाच वापरला. "फोटो फक्त अहवालात होते. अहवाल फक्त समितीकडे. समितीत आहे आणि किल्लीही आहे असा माणूस इथे एकच आहे."

मग सगळे हळूहळू त्याच बाजूला बघायला लागले.

"बाळ," बडे सर म्हणाले, "ही भाषणाची स्पर्धा नाही. पुरावा कुठाय? असल्या गदा मी घेतल्या असतील, तर त्या आहेत कुठे?"

"तुम्हीच मला सांगितलंत, सर."

त्यांच्या कपाळावरची शीर मला स्पष्ट दिसली.

"तुमच्या हातून आजवर एकही नमुना फेकला गेला नाही."

८

आम्ही सगळे 'गदा आणि पोवळी'च्या कपाटापुढे उभे राहिलो. गोल गदेचा खण चित्रकार बाईंनी उघडला. आत पुड्या उभ्या लावलेल्या, वर्षानुवर्षांच्या, पिवळट. एक पांढरीशुभ्र होती. जाड, त्यामुळे शेजारच्यांना ढकलून बसलेली.

"उजवा कोपरा मुडपलेला," चित्रकार बाई म्हणाल्या. त्यांनी ती सरांकडे न बघता पाहुण्या बाईंच्या हातात दिली.

पुडीत ताईच्या गदा होत्या, टाकीमागून गायब झालेल्या त्या दोघीसुद्धा. सुकून आक्रसलेल्या, तरी डोकी अशी सपाट की वर मुंगीला झोपता आलं असतं. तळाशी पाइनच्या सुया चिकटलेल्या. खालचा कागद मातकट पिवळ्या छापाचा. तोही फेकवला नव्हता त्यांना.

ताईनं हात पुढे केला आणि परत घेतला. तिच्याच बुरशीला हात लावायची तिला भीती वाटत होती. हे बघून मला बडे सरांना ते कपाटच फेकून मारावंसं वाटलं.

पाहुण्या बाई मात्र खणात अजून बघत होत्या. नव्या पुडीच्या अगदी शेजारची त्यांनी काढली. जुनीपुराणी, तपकिरी. तिचाही उजवा कोपरा मुडपलेला.

"ती नको," बडे सर म्हणाले.

बाईंनी उघडली. आत गदा होत्या. डोकी सपाट. वर तरुण, ऐटबाज अक्षरात लिहिलं होतं, गोल गदा, पाण्याच्या टाकीमागे, आणि खाली सरांचं नाव.

बाईंनी पुडी तशीच उघडी सरांपुढे धरली.

"मला वाटलं किड्यांनी डोकी खाल्लीत," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "म्हणून गोल लिहिलं. पुढे लक्षात आलं."

"मग दुरुस्त का नाही केलंत?" ताईनं विचारलं. ती आत्तापर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"पुस्तक छापून झालं होतं."

"एवढंच?"

"त्या पुस्तकावर माझं सगळं उभं आहे, मुली. तू काल आलीस."

"मी काल आले म्हणून मला बुडवलंत," ताई म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं चढवेल. "सोमवारी तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात, सर. समितीसमोर. मला वाटलं एक तरी माणूस आपल्या बाजूचा आहे."

समितीतले दोघे सरांना बाहेर घेऊन गेले. पाहुण्या बाई ताईला म्हणाल्या, "मी तुझी माफी मागते. तीसुद्धा लेखी देईन." इस्त्री भिंतीपासून पुढे आला, ताईसमोर उभा राहिला, आणि त्या दोघांचं काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं. मी मुद्दाम ऐकलं नाही. थोडंसं ऐकलं.

मग ताई टेबलापाशी बसली. तिनं दोन नवे कागद घेतले आणि तिच्या पद्धतीच्या पुड्या केल्या, कड आत खोचून. नव्या पुडीवर लिहिलं, चपटी गदा, आणि स्वतःचं नाव. जुने नमुने दुसऱ्या पुडीत घातले, सरांचा मूळ कागदही आत ठेवला. वर लिहिलं, चपटी गदा. या भागातली पहिली नोंद. आणि शोधणाऱ्याच्या जागी तिनं बडे सरांचं नाव लिहायला घेतलं.

मी पेनच धरलं.

"वेडी झालीस का? त्यांचं नाव? पहिली म्हणून?"

"आधी त्यांनाच सापडली, मिरचे."

"त्यांनी तुला लबाड ठरवलं."

"हो. म्हणून मी खोटं लिहू?" तिनं पेन सोडवून घेतलं. "मग डोकी कोणी कापली याला काय अर्थ राहिला?"

तिनं नाव पूर्ण लिहिलं. सुवाच्य अक्षरात. दोन्ही पुड्या पुढच्या खणात, चपट्या गदेच्या खणात ठेवल्या. तो खण आत्तापर्यंत रिकामा होता.

पाहुण्या बाईंनी पुड्या बदलताना ट्रेमध्ये पडलेला चपटीचा चुरा चिमटीत घेऊन जिभेवर ठेवला आणि मान डोलावली. मग माझ्यापुढे ट्रे धरला. "घे. चव घेऊन थुंक."

मी कणभर उचलून जिभेवर ठेवला. गोड होता. खरोखर गोड, शेवटपर्यंत.

"आता झालं ना समाधान?" चित्रकार बाई म्हणाल्या. "आता तरी सोड तो राग."

"नाही सोडत," मी म्हटलं, आणि थुंकायला खिडकीशी गेले.